अनुशेरची पिशवी

प्रिय अनुशेरच्या बाबा,

'प्रिय' लिहिताना हात अडला. पण पत्राला सुरुवात तर लागते, आणि शिवी घालून सुरुवात केली असती तर तुम्ही पुढचं वाचलं नसतं. हे पत्र शेवटपर्यंत वाचलं जायला हवं, तेवढ्यासाठी तो शब्द राहू दिलाय. त्यातून बाकी काही समजू नका.

आपला अनुशेर परवा इस्फाराहून रशियाला, समाराच्या बसमध्ये बसला. कझाकी मैदानात बर्फ आहे म्हणतात, म्हणजे बस रखडत जाणार. उद्या झुलैखो लेकीच्या बाळंतपणासाठी विमानानं तिकडेच येतेय. शेजारची झुलैखो, आपल्या लग्नात नाचून नाचून जिचा पाय मुरगळला होता ती. हे पत्र तिच्याजवळ देतेय. ते अनुशेरच्या आधी तुमच्या हातात पडायला हवं. फोन का नाही केला म्हणाल, तर तुमचा जुना नंबर केव्हाच बंद झाला आणि नवा तुम्ही दिला नाहीत. अनुशेरचा फोन सीमा ओलांडल्यापासून लागत नाही. मला माझा मुलगा धडधाकट परत हवाय, एवढंच. त्यापायी तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली, तीही सोसली.

कुदरतकाका आठवत असतील. उभा जन्म रशियाला जाऊन-येऊन काढला, पायाची बोटं तिथल्या थंडीत ठेवून आले, आता लंगडत चहाखान्यापर्यंत जातात आणि सगळ्यांना अक्कल शिकवतात. थंडी सरत आली की गावातली पोरं जायच्या तयारीला लागतात. मग काका त्यांना पिशवीसकट आपल्या अंगणात उभं करतात आणि म्हणतात, "पळ." पोरगं धावतं, काका काठी आपटत ओरडतात, "असं? पोलीस मागे लागला तर तो तुला धरेल आणि वर तुझी पिशवीही तुझ्याकडूनच उचलून घेईल!" अनुशेरची पिशवी मी भरली होती. जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या, दुलई, चहाची किटली, लोकरीचं आसन. काकांनी ती उघडली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, मुलगा सासरी चाललाय का?" पोरं खो खो हसली. अनुशेर कानापर्यंत लाल झाला.

मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. बरण्या परत. दुलई परत. साबणाची वडी सुरीनं अर्धी केली आणि उरलेली अर्धी स्वतःच्या खिशात टाकली. मी म्हटलं, मुरंबा तरी राहू द्या, तिथे असा मिळत नाही. तर म्हणाले, "तिथे जे मिळतं ते इथून कशाला न्यायचं? आणि जे मिळत नाही ते पिशवीत मावत नाही. म्हणून काही नेऊच नये." शेवटी राहिलं काय, तर जाड कोट, आतून लोकर लावलेले बूट, अंगालगत घालायचे लोकरीचे दोन जोड, सुई-दोरा, एक चमचा आणि मूठभर सुके जर्दाळू. कागदपत्रांसाठी मी कापडी पाकीट शिवलं, सदऱ्याच्या आत छातीवर बांधायचं. कोट आणि बूट मी गेल्या थंडीपासून जमवत होते, दुसऱ्यांच्या बागेत जर्दाळू फोडून. आपल्या बागेचा बहर गेल्या वर्षी गारठून गेला, झाडं नुसती उभी आहेत. गावात काम नाही, वीज येते-जाते, म्हणून मी त्याला जाऊ द्यायला तयार झाले. नाहीतर वरच्या आळीतल्या मिर्झोशरीफच्या मुलाचं प्रेत घेऊन आलेली जस्ताची पेटी गेल्याच थंडीत उतरवून घेतली होती. पेटी उघडू नका असं सांगून आणणारे निघून गेले. त्याच्या आईनं अजून विचारायचं सोडलेलं नाही, की आत नक्की माझाच होता ना.

तुमच्या पिशव्या मीच भरत असे. सुरुवातीला तुम्ही बिछान्यासकट निघायचात. जाताना हे एवढं ओझं आणि येतानाही तेवढंच. माझ्यासाठी कापड, आईंसाठी शाल, अनुशेरसाठी चाकं गळलेली गाडी. शेवटच्या वेळी तुम्ही म्हणालात, मी माझी भरतो. एकच छोटी पिशवी घेतलीत. लग्नातला जोमा, तुमचा तो जाड अस्तराचा लांब झगा, मी वर घडी करून ठेवला होता, तो तुम्ही काढून पेटीत टाकलात. भिंतीवरचा आपल्या तिघांचा फोटोही घेतला नाहीत. मी वेडी, कौतुक करत राहिले की आमचे हे आता शहाणे झाले, ओझं वाहत नाहीत. शेजारणींना सांगितलंसुद्धा. त्याची आता लाज वाटत नाही, पण राग येतो.

तुमचा तो फोन आला तेव्हा मी तंदुरात नान लावत होते. तीनदा तलाकचा तो शब्द बोललात आणि वर म्हणालात, "पोराला सांग, मी मेलो."  तुमच्या आईनं माझ्या हातातून फोन घेतला, तोवर तुम्ही ठेवला होता. मी त्यांना सगळं सांगितलं.  त्या उठल्या, डोक्यावर पांढरा रुमाल बांधला आणि दारात जाऊन मोठ्यानं रडायला लागल्या, "माझा सादुल्लो गेला हो!" बायका धावत आल्या. त्यांना सांगितलं की तिकडेच दफन केलं, आणायला पैसे नव्हते. मी रोखायला गेले तर माझं मनगट धरून म्हणाल्या, "टाकून दिलेल्या बापाचा मुलगा म्हणून गावात जगण्यापेक्षा मेलेल्याचा म्हणून जगू दे त्याला. मेलेल्याला कुणी हसत नाही." मला ते पटलं नव्हतं. पण त्यांचाही तुम्ही एकुलते एक होतात, आणि त्या खोटं रडत नव्हत्या.

रिवाजाप्रमाणे मुलानं जोमा घालून, कमरेला रुमाल बांधून, हातात काठी घेऊन दारात उभं राहावं लागतं, तुम्ही नाही का तुमच्या वडिलांसाठी उभे होतात. अनुशेरच्या मापाचा जोमा कुठून आणणार? पेटीतला तुमचाच त्याच्या अंगावर चढवला. बाह्या लोंबत होत्या, घेर चिखलात घासत होता. येणाऱ्या प्रत्येक पुरुषापुढे तो वाकायचा आणि "हाय माझे बाबा, हाय माझे बाबा" म्हणायचा. आत जाऊन बस म्हटलं तर ऐकेना. म्हणाला, "मी बसलो तर बाबांसाठी उभं कोण राहील?" सगळे येऊन जाईपर्यंत, पाणीसुद्धा न पिता, तो तिथून हलला नाही. ते तुम्ही बघायला हवं होतं. माझी तुम्हाला एकच बददुआ आहे, की ते तुम्हाला कधीतरी दिसावं.

आता निघायच्या आदल्या दिवसाचं सांगते. मी सकाळी नान भाजली, मुल्लांनी दुआ म्हटली, आणि अनुशेरनं नानचा एक घास चावला. उरलेली रुमालात बांधून मी त्याच्या हातात दिली, वर खुंटीला लाव म्हणून. त्यानंच परत येऊन संपवायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या आई चुलीपाशी अंथरुणावर होत्या. हल्ली त्यांचं डोकं कधी ठिकाणावर असतं, कधी नसतं. त्या म्हणाल्या, "वर नको रे, उंदीर लागतात. माझ्या पेटीत ठेव, बापाच्या शेजारी." अनुशेर हसला. आजीला म्हणाला, "बीबी, बाबांची कुठली नान?" तर त्यांना रागच आला. "कुठली म्हणजे? त्यानं चावलेली! आल्यावर मागितली तर काय देऊ त्याला, दगड?"

तुमच्या मरणाच्या दिवशी मी ती नान त्यांच्याजवळ दिली होती, कालव्यात कुस्करून टाका म्हणून. त्या कालव्यावर गेल्या होत्या, रिकाम्या हातानं परत आल्या होत्या, हात धुतले होते. मी विचारलं नव्हतं. आता अनुशेरनं त्यांची पेटी उघडली. वर त्यांचं कफन, स्वतःच्या हातानं शिवून ठेवलेलं. त्याच्या घडीत मी भरतकाम केलेला रुमाल, आणि रुमालात तुमची नान. वाळून लाकूड झालेली, पण चावल्याची खूण तशीच. त्यानं त्या खुणेवरून बोट फिरवलं. म्हातारीचं डोकं फिरलंय असं मी म्हणू शकले असते. शब्द जिभेवर आले होते. त्यानं मान वर करून विचारलं, "आई, मेलेल्याची नान कुणी ठेवतं का?" मी म्हटलं, "नाही ठेवत, बाळा." झालं. त्यानं कफनाची घडी नीट केली, पेटी लावली आणि बाहेर गेला.

संध्याकाळी परत आला तो अगदी मोकळा होऊन. आईंना भरवलं, माझी थट्टा केली, म्हणाला, तुझ्या हातचा शोर्बा तिथे कोण करून घालणार, एखादी रशियन बायको करावी लागेल. मी त्याच्याशी बोलायला बघत होते, पण त्यानं सवड दिली नाही. पिशवी मात्र स्वतःच पुन्हा भरली. "काका म्हणतात, अजून हलकी कर," असं मला सांगितलं. मी लक्ष दिलं नाही, कारण माझं सगळं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं. वाटलं, पोरानं गिळलं. मोठा झाला.

बसपाशी कुदरतकाका आले होते. पिशवी वर ठेवायला त्यांनी उचलली आणि थांबले. पुन्हा एकदा तोलून पाहिली. म्हणाले, "एवढी हलकी मीसुद्धा कधी नेली नाही रे," आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. तेव्हा मला तुमची ती छोटी पिशवी आठवली. वाटलं, हाही तसाच चालला, हाही परत यायचा नाही. मी त्याला घट्ट धरलं, तर सदऱ्यावर नुसतं पातळ जाकीट. कोट कुठे विचारलं तर म्हणाला, "पिशवीत आहे, बसमध्ये उकडतं." ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी सोडलं त्याला.

आज सकाळी गाईला वैरण घालायला गोठ्यात गेले. गंजीत हात घातला तर हाताला बूट लागला. गवत उपसलं. कोट, बूट, लोकरीचे दोन्ही जोड, सगळं घडी घालून, पोत्यात गुंडाळून ठेवलेलं. सुई-दोरा आणि चमचासुद्धा.  खरं सांगते, पहिल्यांदा धावत जाऊन सुरा बघितला, कुर्बानीचा. तो जागेवर होता. मग पेट्या उघडल्या. आईंच्या पेटीतली तुमची नान नाही. माझ्या पेटीतला तुमचा जोमा नाही, त्यावरची तुमची टोपीही नाही.

तशीच चप्पल न घालता काकांकडे गेले. मला बघताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "पोरानं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, सूनबाई, बाबा जिवंत आहेत का. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. पत्ता मी दिला." मी विचारलं, तुम्हाला पत्ता कुठून माहीत? तर खाली बघून म्हणतात, "कुणाला माहीत नाही? सगळे तिथल्या बाजारात त्याच्याशी सलाम-दुआ करून येतात." ऐकताय ना? गावातल्या सगळ्या पुरुषांना माहीत होतं. तुमच्या मरणाच्या पुलावावर बसून, डोळे पुसून, दुसऱ्या हातानं मटणाचा तुकडा शोधणाऱ्या एकूण एकाला. माझ्या दहा वर्षांच्या पोराच्या वाकलेल्या डोक्यावर हात ठेवून ते आत गेले आणि जेवून बाहेर आले. आम्ही दोघी बायका समजत होतो की आम्ही गावाला फसवतोय.

मी काकांना म्हटलं, तो मारामारी करायला गेलाय का, खरं सांगा. ते म्हणाले, "मारामारी? अगं, तो त्याला घ्यायला गेलाय. कामाचं नंतर बघतो म्हणाला, आधी बाबांना आणतो, बीबीचे फार दिवस राहिले नाहीत. पिशवीत जागा नव्हती म्हणून स्वतःचं काढलं. मला म्हणतो कसा, काका, बाबांपाशी तिथे जोमा नसेल, परत येताना लागेल ना."  मी उठून आले. त्याच्या रागाला मी भ्यायले नसते, राग येऊन जातो. ही आशा घेऊन तो कुठवर जाईल ते मला माहीत आहे, आणि तुम्ही तिला काय उत्तर द्याल तेही साधारण माहीत आहे.

म्हणून हे पत्र. मला नवरा नकोय, ती जागा केव्हाच पुसून घेतलीय. येणार असाल तर आईंसाठी या, त्यांच्यासमोर बसून तुमची नान खा आणि हवं तर दुसऱ्या दिवशी परत जा. मी दार उघडेन, चहा देईन. येणार नसाल तर अनुशेर ती नान पुढे ठेवील तेव्हा तिथेच, त्याच्यासमोर, चहात बुडवून शेवटच्या कणापर्यंत संपवा आणि त्याला स्वतःच्या तोंडानं सांगा की मी येत नाही. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नका. तसं म्हणालात तर तो थांबेल. तुम्हाला तिथे बायको आहे, मुलगी आहे, हे काकांनी सांगितलं. त्या दोघींनी माझं काही बिघडवलेलं नाही. पण दार तुमच्या बायकोनं उघडलं तर तो लाजेल, घर चुकलं म्हणून माफी मागेल, जिना उतरून खाली जाईल आणि तुम्ही कामावरून येईपर्यंत बर्फात उभा राहील. बसणार नाही, कुठे आडोशालाही जाणार नाही. जोमा पिशवीत असेल, पण तो तुमचा म्हणून त्याला हात लावणार नाही. तेव्हा बायकोला आजच सांगून ठेवा, की असा असा मुलगा येईल, रुंद कपाळाचा, माझ्यासारखा चालणारा. काय बोलायचं, काय लपवायचं ते तुम्ही सगळे मागाहून ठरवा. आधी त्याला आत घ्या. त्याच्या अंगावर गरम काही नाही.

तुमची म्हणवत नाही, म्हणून नुसतीच,
अनुशेरची आई
सनवबर